ओट्यामागची भिंत

आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आलेली बाई बहुधा ओट्यामागच्या टाइल्सवरून हात फिरवते आणि विचारते, हा रंग कसा गं सुचला? मी सांगते, मिस्त्रीमामांना सुचला. तिला तो माझा विनय वाटतो. पण ते अक्षरशः खरं आहे, आणि दोन वाक्यांत सांगून संपणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

मामा मूळचे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पोरसवदा होते. पुढे त्या भागात पुनर्वसनाची घरं उभी राहू लागली. त्या कामांवर गवंड्याच्या हाताखाली माल कालवता कालवता त्यांच्या हातात थापी आली. नंतर पुणं, आणि पुण्यात फरशी-टाइल्सचं काम. कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं तेव्हा सुतारानं त्यांना आणलं. काम ठरलं ते एवढंच: जुना ओटा काढायचा, काळा ग्रॅनाइट बसवायचा, मागच्या भिंतीला डॅडो करायचा. पैसे चौरस फुटावर. टाइल कुठली घ्यायची हा त्यांचा प्रश्न नव्हता.

कपाटं पांढरी करायची हे आधीच ठरलं होतं. खोली लहान, खिडकी एकच. पांढऱ्या शटर्समुळे उजेड जरा वाढेल असा हिशेब. ओटा काळा हवा हा आईचा आग्रह. आयुष्यभर ती कडप्प्याच्या ओट्यावर राबली. काळ्यावर सांडलेलं पीठ लगेच दिसतं, पुसलं की काम झालं, असं तिचं म्हणणं. पण कडप्पा पडला चुनखडीचा दगड. लिंबू-चिंचेचं पाणी थोडा वेळ राहिलं तरी त्यावर पांढुरका डाग उठतो. ग्रॅनाइटला आंबटाचं तसं भय नाही. म्हणून रंग तिच्या मनासारखा आणि दगड वेगळा.

राहिली वरच्या पांढऱ्या आणि खालच्या काळ्या यांच्यामधली दोन फुटांची पट्टी. मला तिथं पांढऱ्या, तीन बाय सहा इंची चकचकीत टाइल्स विटेच्या बांधणीत हव्या होत्या. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुरचनाकारांनी स्थानकांच्या भिंतींना याच मापाच्या पांढऱ्या टाइल्स वापरल्या होत्या. जमिनीखाली उजेड परतावा आणि भिंत धुऊन निघावी म्हणून. आमच्या अंधाऱ्या कोपऱ्यालाही तेच हवं होतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, हितं जास्त वेळ उभं कोण राहतं?”

आई. आईला काचबिंदू आहे. कडेचं दिसत नाही, आणि जवळजवळच्या दोन फिक्या रंगांतला फरक कळत नाही. तरी सकाळचा चहा आणि स्वतःपुरती भाजी ती कुणाला करू देत नाही.

“मग आजींच्या डोळ्यानं बघावं लागंल,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर भवानी पेठेत आले. दुकानात मोरबीहून आलेल्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या. दुकानदार उत्साहानं हायलाइटर दाखवत होता: कपबश्या, द्राक्षांचे घोस, मिरच्या. मामांनी त्याला वरचे फोकस बंद करायला सांगितले. मग एकेक नमुना उचलून दारापाशी नेला आणि उभा धरला. “भिंतीला दुकानातली लाइट नसती.” दुकानात टाइल तिरक्या स्टँडवर असते आणि वरून तिच्यावर झगझगीत प्रकाश पडत असतो. घरी ती सरळ उभी असते आणि वरच्या कपाटाची सावली तिच्यावर पडते. तोच रंग घरी गडद दिसतो. मी तोवर डझनभर दुकानं फिरले होते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नमुने घेऊन घरी आलो. ग्रॅनाइट बसलेला होता, शटरचा एक तुकडा सुताराकडे होता. मामांनी पांढरी टाइल, करडी टाइल, राखेची झाक असलेली फिकट शेवाळी टाइल आणि ग्रॅनाइटचाच एक कापलेला तुकडा ओट्यावर भिंतीला टेकवून ओळीनं उभे केले. ग्रॅनाइट भिंतीवरही न्या, असं कुणी तरी आम्हाला सुचवलं होतं. मग त्यांनी आईला ओट्यापाशी उभं केलं, आणि एक पांढरी स्विचची प्लेट व आमचा बिडाचा तवा प्रत्येक नमुन्यापुढे धरत गेले.

ते दृश्य मला अजून स्वच्छ आठवतं. पांढऱ्या टाइलवर प्लेट धरली तर आईचा हात प्लेटच्या बाजूनं निघून गेला. ग्रॅनाइटच्या तुकड्यापुढे तवा तिच्या लेखी नाहीसाच झाला. करडीवर ती अडखळली. शेवाळीपुढे मात्र तिनं आधी प्लेटला बोट लावलं, मग तव्याच्या कडेला. “हे दिसतंय,” एवढंच म्हणाली.

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. शटरचा तुकडा पांढऱ्या टाइलला लावून दाखवला. टाइलच्या पांढऱ्यात निळी झाक होती आणि शटरच्या पांढऱ्यात पिवळी. दोन्ही शेजारी आले की नवंकोरं शटर मळकट वाटायला लागलं. मग मला वाकून ओट्यात बघायला सांगितलं. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये विहिरीच्या पाण्यात पडावं तसं मागच्या टाइलचं प्रतिबिंब पडलं होतं. चकचकीत पांढरी टाइल खाली पुन्हा तितकीच पांढरी उतरत होती. “ओटा कुठं संपला अन् भिंत कुठं सुरू झाली, आजींना कळंल का?” शेवाळी टाइल सॅटिनची होती, तिचं प्रतिबिंब मंद होतं आणि ओट्याची मागची कड स्पष्ट राहत होती. अशा भिंतीपुढे गरम पातेलं ठेवायची जागा चुकत नाही.

नमुने काही दिवस तसेच ठेवा, सकाळच्या उन्हात आणि रात्री ट्यूबच्या उजेडात बघा, असं सांगून ते गेले. रंग टिकला.

माप एक फूट बाय दोन फूट घेतलं, त्यालाही त्यांचं कारण होतं. दोन फुटांच्या पट्टीत तीन इंची टाइलच्या आठ ओळी बसतात आणि सात आडवे सांधे राहतात. फूटभर उंचीच्या टाइलच्या दोनच ओळी, सांधा एक. आपल्या फोडणीचे पहिले शिंतोडे सांध्यावर पडतात. पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात हळद मुरते, आणि साबणानं घासावी तर लाल होते. म्हणून टाइलच्याच रंगाचा इपॉक्सी ग्राउट.

बसवायच्या दिवशी पेट्या उघडण्याआधी त्यांनी प्रत्येकीवरचा शेड नंबर वाचला. एकीचा निराळा निघाला, ती तशीच परत पाठवली. मग भिंतीला टाचे मारले आणि टाइल्स पिंपात सोडल्या. भिंतीच्या सिरॅमिक टाइलची पाठ पाणी पिते. कोरडी लावली तर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पुढे सुटते. टाइलच्या पाठीवरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. मामा पिंपाशेजारी उकिडवे बसून त्या थांबायची वाट बघत होते. हाताखालच्या पोरालाही घाई करू देत नव्हते. माळा थांबल्या की टाइल बाहेर काढून, पुसून, मगच थापीवर माल घेतला.

त्या पोराकडूनच मला कळलं की भवानी पेठेत आले त्या दिवशी मामांनी दुसरीकडचं काम सोडलं होतं. तो रोज बुडाला होता. हिशेबाच्या वेळी मी ते पैसे वेगळे काढून पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. “बसवायचे घेतले की, ताई. बघायचे कुठं पैसे असतात?”

आई अजून स्वतःचा चहा स्वतः करते. शेगडीचं बटण, स्विच, ओट्याची कड तिला चाचपडावी लागत नाही. डॉक्टरांचे थेंब तिची नजर राखतात. त्या नजरेला पुरेल अशी भिंत मामांनी दिली. पुढे माझ्या दोन मैत्रिणींकडे मी त्यांना पाठवलं, दिवाळीला फराळ जातो, त्यांच्या मुलीच्या लग्नाला औशाला जाऊन आले. यातलं काहीही त्या दिवसाची परतफेड नाही.

बघायचे पैसे असायला हवेत, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या घरी काम निघणार असेल तर टाइल्स घेऊन मग मिस्त्रीला बोलावू नका. आधी बोलवा, ओट्यापाशी ज्याचा दिवस जातो त्याला शेजारी उभं करा, मिस्त्रीला दुकानात सोबत न्या. आणि त्या दिवसाचा रोज निघण्याआधीच त्याच्या हातात ठेवा, म्हणजे त्याला नाही म्हणायची वेळ येणार नाही.