वाऱ्याची मोट

अशक्य गोष्टीच्या पाठीस लागलेल्या मनुष्यास आपल्याकडे 'हा वाऱ्याची मोट बांधतो आहे' असे म्हणतात. वर्गात हा वाक्प्रचार आम्ही किती मुलांना समजावून दिला असेल, त्याची गणती नाही. परंतु ती मोट प्रत्यक्ष बांधली जाताना पाहण्याचा योग आला तो नौपाड्यातील आमच्या घराच्या अंगणात, आणि बांधणारा निघाला आमचाच पुतण्या.

चिरंजिवाने फोर्स कंपनीची गुरखा गाडी घेतली आहे. तिच्या चारही चाकांस एंजिनाचा जोर पोहोचतो. मागील भागात निजण्याची फळी, पाण्याची टाकी, लहानशी शेगडी असे बिऱ्हाडच त्याने थाटले. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. तेव्हा परिवहन कार्यालयात खेटे घालून तीही तजवीज त्याने रीतसर केली. इतके झाल्यावर एके रात्री पानावर बसला असता म्हणाला, "आता गाडीत कायमचा कॉम्प्रेसर बसवायचा."

"अरे, हवा तर तीन पेट्रोल पंपाशी भरून मिळते!" आम्ही म्हणालो.

"मिळते, काका. पण तीन पेट्रोल पंप आपल्या गावच्या चढावर नाही."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आमचे मूळ घर गुहागर तालुक्यात. डांबरी रस्ता सोडल्यावर वाडीपर्यंतची वाट जांभ्याच्या सुट्या दगडांची आणि उभ्या उताराची आहे. आमच्या वहिनी, म्हणजे चिरंजिवाच्या मातोश्री, शहात्तर वर्षांच्या. त्यांच्या कमरेस ती वाट चालवत नाही, आणि गाडीचे हिसके तर त्याहून सोसत नाहीत. त्यामुळे सहा वर्षे शिमग्याची पालखी त्यांना दारी पाहता आली नव्हती. दर फाल्गुनात त्या ओटीचे सामान दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवीत, आणि तो दिवसभर फारसे बोलत नसत.

आता चाकातील हवेचा आणि वहिनींच्या कमरेचा संबंध काय, हे सांगितले पाहिजे. डांबरी रस्त्यावर ज्या टायरात पस्तीस पौंड हवा असते, त्यातील थोडी सोडून ती बावीस-चोवीसावर आणली की टायर जमिनीवर पसरतो, दगडाला अंगावर घेऊन त्याच्याभोवती दबतो, आणि माणसापर्यंत पोहोचणारा हिसका पुष्कळ बोथट होतो. चाकाची पकडही वाढते. परंतु तसाच नरम टायर घेऊन हमरस्त्यावर वेगाने जाऊ म्हणाल, तर त्याच्या कडा सारख्या वाकून तापतात आणि तो फुटूही शकतो. म्हणून उतरण्यापूर्वी हवा सोडावयाची आणि चढून आल्यावर तेथल्या तेथे पुन्हा भरावयाची. सोडण्यास एक काडी पुरते. भरण्याचे काम पायपंपाने करून पाहिलेल्या मनुष्याने ते दुसऱ्यांदा करून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यंत्राची घडण तशी सोपी. बारा व्होल्टांची मोटर एक दट्ट्या खालीवर करते, दट्ट्या बाहेरची हवा ओढून चार-पाच लिटरांच्या पोलादी टाकीत कोंबतो, आणि मध्ये बसविलेली एकमार्गी झडप तिला परतू देत नाही. टाकीतला दाब ठरलेल्या मर्यादेस पोहोचला की एक दाबकळ मोटर बंद करते. दाब उतरला की आपोआप चालू करते. त्या एवढ्याशा टाकीतील हवेने एक चाकही धड भरत नाही, भरण्याचे खरे काम मोटरीसच करावे लागते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. ठाण्याच्या फलाटावर लोकल उभी असता डब्याखालून जी घुरघुर ऐकू येते, तीही अशाच पण थोरल्या यंत्राची. लोकलचे ब्रेक दाबलेल्या हवेवरच चालतात. वायूला रूप नाही, स्पर्श मात्र आहे, असे तर्कसंग्रहात आम्ही शिकलो होतो. टाकीच्या तोंडाशी हात धरला तेव्हा तो स्पर्श चांगलाच जाणवला!

पहिल्या रविवारी एका कारागिराने यंत्र बसविले आणि त्याची तार सिगारेट पेटविण्याच्या खाचेकडून घेतली. पाच मिनिटे चालले नाही तोच रबर करपल्याचा वास आला. घरातील मिक्सरला लागते त्याहून या यंत्राची शक्ती काही अधिक नाही. परंतु घरात २३० व्होल्टांवर जे काम दीड अँपिअरात भागते, त्यास बारा व्होल्टांवर तीस अँपिअर लागतात, आणि एवढा प्रवाह बारीक तारेतून न्यावयाचा म्हणजे तिची शेगडी करणेच होय. पुढल्या रविवारी थेट बॅटरीपासून जाड तांब्याची तार आली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आला, आणि चालकापुढे केवळ एक लहान खटका राहिला. मोठा प्रवाह रिलेतून परस्पर जाऊ लागला. फ्यूज यंत्राजवळ का नको, यावर चुलत्या-पुतण्यांचा तासभर वाद झाला. तो यंत्रासाठी नसून तारेसाठी असतो, तार वाटेत कोठे घासली तर तिच्या उगमाशीच प्रवाह तुटला पाहिजे, हे त्याचे म्हणणे बरोबर होते.

वहिनी तोपर्यंत ओसरीवर शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊजी, त्या मोटरीत ठिणगी पडते का हो?"

"पडते, आई. आत ब्रश असतात," पुतण्याच म्हणाला.

"आणि ती रात्री आपली आपण सुरू होते?"

"टाकीतली हवा थोडी झिरपली तर होते."

"मग ती सिलिंडरच्या कपाटात का ठेवलीस?"

कोणी काही बोलले नाही. फळीखालच्या एकाच कपाटात एका अंगास यंत्र होते आणि दुसऱ्या अंगास शेगडीचा गॅस. तो गॅस हवेहून जड; गळला तर वर न जाता तळाशी साचून राहतो. स्वयंपाकघरात वास आला तर दिव्याचे बटणसुद्धा दाबू नये, हे वहिनी घरातील प्रत्येक सुनेस पहिल्याच दिवशी सांगत आल्या आहेत. आम्ही मात्र अँपिअर मोजीत बसलो होतो. आणि वरच्या फळीवर पोरे निजावयाची होती.

त्याच संध्याकाळी यंत्र तेथून निघाले. आता ते एंजिनाच्या खणात उंचावर आहे, हवा ओढणारी नळी गाळणीसह चिखलापाण्यापासून दूर नेली आहे, आणि टाकी गाडीच्या पोटाशी आहे. एंजिनाच्या उष्णतेमुळे यंत्र लवकर तापते, ही खोट पत्करावी लागली. सिलिंडरला स्वतंत्र बंद पेटी आणि तिच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक. शिवाय निजण्यापूर्वी यंत्राचा मुख्य खटका बंद करावयाचा, ही वहिनींची आज्ञा!

या फाल्गुनात गावी गेलो. उताराच्या माथ्यावर हवा बावीसावर आणली आणि वहिनी पुढे बसून अंगणापर्यंत गेल्या. उतरताना "हळू रे" एवढेच दोनदा म्हणाल्या. पालखी दारी आली तेव्हा ओटी त्यांनी स्वतः भरली. चिरंजिवास गाडीची परीक्षा वाळूवर करावयाची हौस होती; ती आम्ही मोडून काढली. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर त्या महिन्यांत कासवांची अंडी वाळूत असतात, आणि भरतीत रुतलेल्या गाड्यांच्या कथा तर दर वर्षी वाचावयास मिळतात.

परतताना माथ्यावर आंब्याखाली गाडी थांबली. तीन चाके झाल्यावर यंत्रास विसावा दिला. तेवढ्यात पुतण्याने टाकीच्या तळाची तोटी सोडली, तर हवेबरोबर पाणी आले. कोकणातील दमट हवा दाबल्यावर तिच्यातील पाणी असे वेगळे पडते आणि न काढल्यास टाकी आतून गंजते. वहिनींनी ते थेंब वाकून पाहिले. मग काटा मागून घेऊन त्या चारही चाकांजवळ जातीने गेल्या. मागच्या डाव्या चाकात तेहतीस निघाले.

"अजून दोन भर," त्या म्हणाल्या.