दावा कुठे चालवायचा?

कंपनीचं म्हणणं वरवर पाहता बिनतोड होतं. खाणी दक्षिण आफ्रिकेत, आजारी माणसं तिथली, त्यांना तपासणारे डॉक्टर तिथले. मग खटला लंडनमध्ये कशाला?

केप ही इंग्रज कंपनी. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्काच्या परिसरात तिने अनेक दशकं निळा ॲस्बेस्टॉस काढला आणि १९७९मध्ये तिथला खाणधंदा विकून टाकला. ॲस्बेस्टॉसचे तंतू मात्र कामगारांच्या आणि गावकऱ्यांच्याही फुप्फुसांत राहिले. त्यातून होणारा आजार वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं दबा धरून बसतो. तो उघड होईपर्यंत मालक गाशा गुंडाळून गेलेला असतो. मग त्याला गाठायचं कुठे?

तीन हजारांहून अधिक लोकांनी लंडनमध्ये दावे लावले. जुलै २०००मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला. लॉर्ड बिंगहॅम यांचं निकालपत्र मला आवडतं, कारण त्यात पैशाची गोष्ट आडपडदा न ठेवता केली आहे. दावा ऐकण्याची स्वाभाविक जागा दक्षिण आफ्रिका हीच, हे त्यांनी मान्य केलं. पण तिथे अशा दाव्यांना सरकारी कायदेसाह्य मिळेनासं झालं होतं, आणि तज्ज्ञांचा खर्च सोसून इतकं अवाढव्य प्रकरण अंगावर घेणारा वकील भेटण्याची आशा नव्हती. तिकडे पाठवणं म्हणजे न्याय नाकारणंच. म्हणून खटला इंग्लंडमध्येच चालेल.

पहिला दावा १९९७चा. ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल अवाक्षर न बोलता नुसत्या जागेच्या वादात तीनेक वर्षं गेली, आणि तेवढ्यात कित्येक दावेदार वारले. अशा वादात कंपनी हरली तरी वेळ जिंकते, असं माझं मत आहे. भरपाईची तडजोड मार्गी लागायला २००३ उजाडलं.

जागेचा हाच प्रश्न आपल्याकडेही येतो. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात १९९५मध्ये दुरुस्ती झाली. त्यामुळे कामगार राहतो तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करता येऊ लागला. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआकडचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी भरडायला गेले आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार घेऊन परतले. अशांना परराज्यात हेलपाटे घालायला नकोत, ही सोय खरोखर मोलाची. पण आयुक्त पहिलं विचारणार, कामाला होतास याचा पुरावा काय? आणि मस्टरवर अशा माणसाचं नाव बहुधा नसतंच.