कुंभकोणमच्या हत्तिणीची वाट

तंजावरपासून 40 किलोमीटरवरच्या कुंभकोणमला जाणारा मराठी प्रवासी आधी पितळी पेल्यातली डिग्री कॉफी पितो, मग देवळांकडे वळतो. देवळे इतकी, की दोन दिवसही अपुरे पडावेत. त्यांतल्या आदि कुंभेश्वराच्या देवळातील मंगलम हत्तीण भाविकांच्या चांगल्या ओळखीची. नाणे पुढे करावे, तिने ते सोंडेने उचलावे आणि तीच सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद द्यावा. मुले भितात, पण पुन्हा रांगेत उभी राहतात.

सोंड म्हणजे हत्तीचे नाक. दिवसभर अनोळखी माणसांच्या तोंडाजवळ जाणाऱ्या या नाकातून माणसाचा क्षय हत्तीत शिरू शकतो. बाधा झालेला हत्ती कित्येक महिने धडधाकट दिसतो, खातो-पितो, आशीर्वादही देतो.

एरवी ही काळजी देवळापुरतीच राहिली असती. पण 2003 मध्ये तामिळनाडू सरकारने मंदिरांच्या हत्तींसाठी मुदुमलैच्या जंगलात विश्रांती शिबिर सुरू केले. पुढे ते मेट्टुपालयमजवळ, भवानी नदीकाठच्या तेक्कमपट्टीला भरू लागले. हत्ती ट्रकमधून निलगिरीच्या पायथ्याशी येत आणि 48 दिवस हिरवा चारा, नदीची आंघोळ आणि सोबत्यांचा सहवास मिळे. दगडी फरशीवर जन्म काढणाऱ्या जनावराला हे सुख हवेच! मात्र गावोगावचे हत्ती एकत्र आणायचे आणि तेही रानहत्तींचा वावर असलेल्या भागात, म्हणजे गावाचा रोग रानाच्या दारी नेण्याचा धोका आलाच. ही भीती पोकळ नाही. दक्षिण भारतातील तीन रानहत्तींना माणसांतील क्षयाचीच बाधा झाल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे.

म्हणूनच प्राणी हलवताना त्याला काही काळ वेगळे ठेवतात. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून कुनोला आणलेले 8 चित्तेही आधी असेच वेगळे ठेवले होते.

हत्तीची तपासणी मात्र वेळखाऊ. सोंडेत मिठाचे निर्जंतुक पाणी सोडायचे, सोंड वर धरायला लावायची, मग ते पाणी पिशवीत झेलायचे. असे तीन निरनिराळ्या दिवशी. प्रयोगशाळेत जंतू वाढतात की नाही, हे कळायला 8 आठवडेही लागतात, म्हणजे शिबिराच्या 48 दिवसांहून जास्त. तेव्हा हे नमुने कुंभकोणममध्येच, ट्रक निघण्याच्या दोन महिने आधी घ्यावे लागत.