जुन्या गाडीची नवी बैठक

जुन्या मोटारीचा नाद असलेल्या माणसाला बोलते केले, की तो इंजिनाविषयी बोलतो. कार्ब्युरेटर कुठून मिळवला, पिस्टन कोणाकडून घासून घेतले, रंगाची छटा जुळवताना किती डबे वाया गेले, हे सारे तो तासन् तास सांगेल. सीटचे नाव मात्र काढणार नाही. वास्तविक गाडीशी माणसाचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो सीटमुळेच. इंजिन बिघडले तर गाडी थांबते आणि चार लोक धावून येतात. सीट बिघडली तर फक्त कंबर दुखते, आणि कंबरेचे दुखणे माणूस वयावर ढकलून मोकळा होतो.

नवा रायपूरमधल्या एका मराठी घरात असेच झाले. घरात माणसे तीन. बाबा एक्याऐंशी वर्षांचे, आई शहात्तरची आणि राज्य सरकारच्या सेवेत असलेली लेक. बाबा मूळचे अमरावतीकडचे. १९६६ साली ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाले. त्या काळी विदर्भातून कितीतरी मुले अशी भिलाईला आली आणि तिथलीच झाली. २०१२ मध्ये मंत्रालय रायपूर शहरातून नव्या राजधानीत हलले. पुढे लेकीला तिथे घर मिळाले आणि आईबाबांनी भिलाई सोडली. त्यांच्याबरोबर आली ती एम.जी.बी.

ही ब्रिटिश बनावटीची, दोनच माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स कार. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात एम.जी.बी.च्या सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. इंजिन १७९८ सीसीचे. भारतात मात्र ती दुर्मीळच राहिली, कारण तेव्हा परदेशी गाडी आणणे जवळजवळ अशक्य होते. ॲम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड यांतून काय ते निवडा! परदेशी वकिलातींमधल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि हौशी मंडळी त्यांवर डोळा ठेवून असत. बाबांची गाडी १९६६ ची. ती त्यांना १९८४ साली नागपुरात बंद अवस्थेत मिळाली. ट्रकवर घालून ती भिलाईला आणली, तेव्हा आईने विचारले होते, ‘‘अहो, ही चालते की नुसती ओढायची?’’

पुढची दहा वर्षे बाबांच्या सगळ्या सुट्ट्या त्या गाडीखाली गेल्या. मुंबईच्या चोरबाजारातून सुटे भाग आले. इंजिन खणखणीत झाले. सीट मात्र ‘सध्या चालतंय’ म्हणून राहून गेल्या.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या पाठीतला मणका सरकला. औषधे झाली, पट्टा झाला, व्यायाम झाले. रविवारी सकाळी गाडी काढायची सवय मात्र सुटली नाही. नवा रायपूरचे रस्ते रुंद, गुळगुळीत आणि त्या वेळी रिकामे. क्रिकेट स्टेडियमपर्यंत जाऊन यायचे, इतकाच तो फेरफटका. परत आल्यावर बाबा पाच मिनिटे गाडीतच बसून राहत. लोकांना वाटे, आनंद घेत आहेत. खरे तर त्यांना उठताच येत नसे.

लेकीला हे कळले ते एका साध्या गोष्टीवरून. बाबा आता स्टीअरिंगच्या वरून नव्हे, तर त्याच्या आरपार, आऱ्यांच्या मधून रस्ता पाहत होते! माणूस थोडा खचला होता हे खरे, पण सीट त्याहून कितीतरी जास्त खचली होती. शेजारची डावी सीट त्यामानाने बरी होती. ती आईची, आणि आई त्या गाडीत फारशी बसलीच नव्हती.

पाठीच्या दुखण्याचा आणि बसण्याचा संबंध स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष मोजून दाखवला होता. मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून त्यांनी आतला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला, आणि पुढे वाकून बसले की आणखी वाढला. पाठ थोडी मागे रेलली आणि कंबरेच्या खोलगट भागाला आधार मिळाला, की हा दाब उतरतो. फिजिओथेरपिस्टने बाबांना हेच साध्या शब्दांत सांगितले होते: गुडघे कंबरेच्या वर जाता कामा नयेत. एम.जी.बी.मध्ये माणूस मुळातच जमिनीलगत, पाय लांब करून बसतो. त्यात सीट चार बोटे खाली गेलेली. मग गुडघे हनुवटीशी येणार नाहीत तर काय!

टाटीबंधच्या बाजूला ट्रक, बस यांच्या गाद्या शिवणारा एक जुना कारागीर लेकीने शोधून काढला. त्याने सीट हातात घेऊन गुडघ्याने दाबली आणि निदान केले, ‘‘स्पंज मर गया है, मॅडम. नीचे का भी कुछ गया है.’’

खरी गंमत सीट उसवल्यावर कळली. वरचे कातडे काळे, त्याला लाल गोट, मध्ये उभ्या पन्हाळ्या. त्याखाली कोणीतरी कधीतरी भरलेला कापूस, गोळे झालेला. त्याखाली मूळचा फोम, पण आता त्याचा पिवळट भुगा झाला होता आणि झटकला की रव्यासारखा पडत होता. फोमला हवा, उष्णता आणि दमटपणा मिळून खातात, आणि रायपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. मग टपाखाली झाकलेल्या गाडीत काय होत असेल! त्याही खाली धान्याचे पोते दुमडून घातलेले. छत्तीसगड हे भाताचे कोठार, तेव्हा पोत्याला काय तोटा? आणि सर्वांत तळाशी, मूळच्या रबरी पट्ट्यांच्या जागी ट्रकच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या.

या पट्ट्या म्हणजेच त्या सीटचे मर्म. जुन्या ॲम्बेसेडर-फियाटमध्ये सीटखाली स्प्रिंगा असत. एम.जी.बी.च्या लोखंडी नळीच्या चौकटीवर रबर आणि कापडाचे थर असलेले पट्टे ताणून बसवलेले असतात. निवारीची बाज डोळ्यांपुढे आणा, फक्त निवारीला ताण आहे असे समजा. सीटचा अर्धा आराम या ताणात असतो. ट्यूबची पट्टी सुरुवातीला उत्तम ताणते, पण एकदा लांबली की परत आखडत नाही. बाबा खाली खाली जात होते ते त्यामुळे. नुसता फोम बदलला असता, तर सहा महिन्यांत पुन्हा तेच झाले असते. जुनी सीट करायला देताना खालचा आधार आधी तपासा, हे गाद्या शिवणारा प्रत्येक चांगला कारागीर सांगेल. गिऱ्हाईक मात्र कव्हरचा रंग आधी निवडते.

आता प्रश्न पडला तो दुरुस्ती करायची की बदलायचेच? रायपूरच्या एका गॅरेजवाल्याने सरळ सुचवले, ‘‘मारुतीच्या सीट टाका, डोक्याला टेका पण मिळेल.’’ परदेशातही जुन्या एम.जी.बी.मध्ये नव्या माझ्दाच्या सीट बसवणारे हौशी आहेत, आणि त्यात चूक काही नाही. पण मोजमाप घेतल्यावर दिसले, की मारुतीची सीट बसवली तर बाबांची टाळू समोरच्या काचेच्या चौकटीच्या वर जाईल. शिवाय मांड्या स्टीअरिंगला घासतील. तो बेत तिथेच संपला.

दुसरा विचार कायद्याचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. नियमात मूळ रूप म्हणजे सांगाडा, बॉडी आणि इंजिन. सीटच्या शिलाईने काही अडत नाही. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येते. म्हणजे रविवारचा फेरफटका बंद! लेकीने तूर्त ती पाटी नको म्हटले आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा नेहमीचा मार्ग ठेवला. कौतुकाची पाटी लावून गाडी उभी करून ठेवण्यापेक्षा हे बरे.

मग काम सुरू झाले. नवे रबरी पट्टे आले. फोम दोन थरांत घातला. खाली घट्ट, वर मऊ. इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणजे कडक फोम असे समजावतात, ते बरोबर नाही. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढेच. जास्त घनतेचा फोम टिकतो जास्त. पण कडक की मऊ हा गुण वेगळा, तो बसूनच पाहावा लागतो. कारागिराने बाबांना दुकानात तीन वेळा बसवले, गुडघे आणि कंबर यांच्या रेषेवर हात ठेवून पाहिले आणि पाठीच्या खोलगट भागात दोन बोटे जाडीची एक गादी आतून चिकटवली. बाहेरून ती दिसत नाही.

कातड्यावरून बापलेकीत वाद झाला. बाबांना जुनेच कातडे हवे होते. कारागिराने ते प्रकाशासमोर धरले, तर शिवणीच्या कडेला भोकांची रांग झाली होती. पुन्हा शिवले की कागदासारखे फाटणार. रेक्झिन स्वस्त पडले असते, पण उन्हाळ्यात अंगाला चिकटते. आणि त्यातला मऊ, कातड्यासारखा दिसणारा जो प्रकार असतो, त्याचे थोड्या वर्षांत पापुद्रे निघतात. शेवटी बसायच्या भागापुरते नवे कातडे आणि बाजूंना रेक्झिन असे ठरले. मुळातही गाडीत तसेच होते, हे कळल्यावर बाबा निमूट झाले. जुन्याचे तुकडे क्रमांक घालून उसवले. पण त्यांवरून सरळ बेतले नाही, कारण जुने कातडे ताणून मोठे झालेले असते. मापे चौकटीवर घेतली. नवे कव्हर चढवण्याआधी दोन तास उन्हात ठेवले, फोमवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळले आणि मोज्यासारखे ते आत सरकवले. ज्या उन्हाने जुने कातडे मारले, त्याच उन्हाने नवे मऊ केले.

पट्ट्यासाठी लेक हटून बसली. पुढच्या सीटला पट्टा हवाच, हा नियम आपल्याकडे नव्या गाड्यांना लागू झाला १९९४ मध्ये; ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्येच आणला होता, हे तिने बाबांना ऐकवले. बाबा इंजिनिअर, मजबूत पत्र्याच्या आधाराशिवाय बोल्ट नको, एवढीच अट त्यांनी घातली. डोक्यामागचा टेका मात्र झाला नाही. जुन्या नळीला वेल्डिंग करून चौकट कमकुवत करायला कारागीरही तयार नव्हता. ती उणीव आहेच, आणि म्हणून गाडी साठाच्या वर न्यायची नाही असे ठरले आहे.

सीट गाडीत बसवताना खरा पेच आला. एम.जी.बी.च्या सीटचे रूळ लाकडी पट्ट्यांवर बसतात. डाव्या बाजूच्या पट्ट्या दीड इंचाने जाड केल्या तर उठणे-बसणे सोपे होणार होते. उजवीकडे तसे करता येईना. स्टीअरिंग मांडीला लागत होते. म्हणजे बाबांच्या पाठीला सोसेल अशी जागा गाडीत एकच उरली, आणि ती चालवणाऱ्याची नव्हती.

लेक काही बोलली नाही. गेले वर्षभर जे तिला तोंडाने सांगता येत नव्हते, ते फुटपट्टीने सांगितले होते. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः टेप घेऊन दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या. मग किल्ली लेकीसमोर ठेवून म्हणाले, ‘‘क्लच हळू सोड. आणि पहिल्या गिअरमध्ये टाकायची ती पूर्ण थांबल्यावर.’’

पहिल्या रविवारी ते डावीकडे बसले आणि स्टेडियमपर्यंत प्रत्येक गिअरला बोलले. परत आल्यावर दार उघडून स्वतःचे स्वतः उतरले.

आता राहिली आई. गाडी दोघांची, लेक चालवणार, बाबा बसणार, मग आईची जागा कुठे? कोणाच्याच हे ध्यानात आले नव्हते. आईनेच ते जेवताना काढले. ‘‘हो बाप्पा, चाळीस वर्षं मी म्हणत होते मला नको तुमची गाडी. पण जागा माझी होती ना?’’ बाबा हसले, पण फार वेळ नाही. त्यावर तोडगा निघाला तो फेऱ्यांचा. स्टेडियमची पहिली फेरी बाबांची, दुसरी आईची. पहिल्याच दुसऱ्या फेरीत असे आढळले, की सीट दीड इंच उंच झाल्याने आईचे पाय खाली टेकत नाहीत. तेव्हा आता त्याच कारागिराकडे पायाखाली घालायला एक लाकडी पाट टाकला आहे, वर रेक्झिन लावून. गोट कोणत्या रंगाचा लावायचा, यावरून घरात बोलणी चालू आहेत.