ओवाळणी

मराठीत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणसे समोरासमोर येतात ती भेट, आणि येता येत नाही म्हणून जी वस्तू धाडली जाते तीही भेटच. पहिली जमली नाही की आपण दुसरी पाठवतो. शब्द एकच असल्यामुळे हिशेब चुकता झाल्यासारखे वाटते. गेली काही वर्षे मी हेच करीत होतो.

माझी आत्या बडोद्याला असते. वय शहाऐंशी. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, त्याच्या राजधानीत तिने पुढे तीस वर्षे मराठी शिकवले. माझे वडील पुण्याहून दरवर्षी तिला भाऊबिजेची मनीऑर्डर करीत. भाऊ जवळ नसे, म्हणून ती चंद्राला ओवाळी आणि तसे पत्राने कळवी. वडील २०१९ साली गेले आणि ओवाळणीचे काम माझ्याकडे आले.

पैसे पाठवणे मला रुक्ष वाटले. विचारपूर्वक काही द्यावे, अशी माझी हौस. पहिल्या वर्षी शाल पाठवली. ती घडी न मोडता कपाटात गेली. पुढे तिच्या डोळ्यांतला पडदा झिजू लागला. या विकारात कडेचे दिसत राहते, नेमके मधले पुसले जाते. दाराची चौकट दिसते, पण दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पुस्तकाचे पान दिसते, अक्षर दिसत नाही. मी दिव्याचे मोठे भिंग धाडले. काही महिने त्याचा उपयोग झाला, मग तेही निरुपयोगी ठरले. वाचन थांबले, तशी तिची पत्रेही थांबली. तेव्हा मी ध्वनिमुद्रित पुस्तके भरलेले एक छोटे यंत्र पाठवले. या वेळी मात्र नेम अचूक बसला, अशी माझी खात्री होती.

महिन्याभराने फोनवर विचारले. ती म्हणाली, “चांगलं आहे रे. पण ते नुसतं वाचून दाखवतं, माझं काही ऐकून घेत नाही.”

हे वाक्य मला लागले. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा देण्याघेण्यावरचा १९२५ सालचा निबंध मी अनेकदा वाचला आहे. देणे, स्वीकारणे आणि परत देणे अशी तीन बंधने तो मानतो, आणि आधारासाठी महाभारताच्या अनुशासनपर्वापर्यंत येतो. परतफेडीला वाव नसलेले देणे घेणाऱ्याला खाली बसवते, हे त्यातून मला पुस्तकी पातळीवर ठाऊक होते. भाऊबिजेतही आधी बहीण ओवाळते, मग ताटात ओवाळणी पडते. वडिलांची मनीऑर्डर हे मुळात उत्तर होते. रुक्ष वाटलेल्या त्या रकमेला तिच्या पत्राची जोड होती. माझ्या विचारपूर्वक निवडलेल्या वस्तूंना कशाचीच नव्हती. म्हातारपणी माणसाकडून घेण्यासारखे काही उरलेले नाही, असेच त्या वस्तू तिला सुचवत असाव्यात.

मग मी तिला एक विनंती केली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) मला वर्गात शिकवायची होती. म्हटले, “आत्या, मी दर रविवारी फोनवर वाचतो. कुठे चुकलो तर सांग.” तिने लगेच होकार दिला; वेळही तिनेच ठरवली, दुपारी चारची.

पहिल्याच रविवारी तिने मला तीनदा अडवले. “पूर्णविराम थांबण्यासाठी असतो. विनोद तिथंच आहे, तू तो ओलांडून पुढे जातोस.” लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे प्रसंग आले, तेव्हा ती खळखळून हसली आणि माझ्या पणजीच्या सोवळ्याची हकिकत सांगू लागली. ती वडिलांनीही मला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी पुस्तक दीड पानच पुढे सरकले. माझ्या वर्गातल्या वाचनात मात्र तेव्हापासून फरक पडला आहे.

या सगळ्याने मी सुटलो, असे म्हणवत नाही. बडोदे पुण्याहून एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि मी चार वर्षांत तिथे गेलेलो नाही. या गतीने ग्रंथ संपायला किती रविवार लागतील, हे गणित आम्हा दोघांनाही येते. ते कुणी बोलून दाखवत नाही. गेल्या रविवारी फोन ठेवताना ती एवढेच म्हणाली, “खूण नीट ठेव हं, कुठे थांबलो ते विसरशील.”

मी खूण ठेवली आहे. यंदाच्या भाऊबिजेला पुढचे पान तिच्या समोर बसून वाचायचे, असे ठरवले आहे. तिला अजून कळवलेले नाही. आधी तिकीट काढतो.