कधी लागलं तर?

माणूस किती भित्रा आहे, हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. त्याची पिशवी उघडल्यावर कळतं. टिपेश्वरच्या वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवल्याची हकिगत रंगवून सांगणाऱ्या एका गृहस्थांच्या प्रवासी बॅगेत आम्ही झुरळं मारायची पावडर पाहिली आहे. विचारलं तर म्हणाले, "असू द्यावी, कधी लागली तर?"

या 'कधी लागलं तर'ने माणसाचं जेवढं सामान वाढवलं आहे, तेवढं हुंड्यानेही वाढवलं नसेल. रेल्वेत ते खपून जातं, एस.टी.त टपावर जातं. पण हल्ली बाइकपॅकिंग नावाचा जो प्रकार निघाला आहे, त्यात त्याची पुरती पंचाईत होते. सायकलीला कॅरिअर नाही, टोपली नाही. सीटखाली एक लांबोडी पिशवी, हँडलला एक वळकटी आणि मधल्या दांड्यांच्या त्रिकोणात एक चपटी थैली. एवढ्यात संसार बसवायचा आणि आठ-आठ दिवस भटकायचं.

आमच्या मेहुण्यांनी असाच बेत केला. यवतमाळहून आर्णीमार्गे माहूर, रेणुकामातेचं दर्शन आणि मग पाय नेतील तिकडे. बँकेत असल्यामुळे आम्हांला हिशेब कळतो, असा सासुरवाडीत एक समज आहे. त्यामुळे सामान तपासायला आम्हांला बोलावलं. ताणकाट्यावर टांगलं तर एकोणीस किलो भरलं! सायकल चौदा किलोची. कोण कोणावर बसून जाणार, हाच प्रश्न होता. घडीची खुर्ची, हातोडी, तीन टॉवेल, दोन बॅटऱ्या, आणि त्या दोन्ही बिघडल्या तर मेणबत्त्यांचा पुडा.

"भाऊजी, यातलं काय काढू?" मेहुणे हवालदिल होऊन म्हणाले.

आम्ही बी.कॉम. असल्यामुळे आधी कागदावर तीन रकाने आखले. गरज, सवय आणि भीती. एकेक वस्तू योग्य खात्यावर टाकत गेलो. गरजेच्या खात्यावर जेमतेम चार किलो जमा झाले, सवयीच्या खात्यावर पाच. उरलेली दहा किलो निव्वळ भीती होती. ही माणसं दातांच्या ब्रशची दांडी अर्धी कापून वजन वाचवतात, असं ऐकलं होतं. दांडी कापायला हरकत नाही, पण आधी हातोडी काढावी.

काय न्यावं, याची कसोटी सोपी आहे. जे वाटेतल्या गावात मिळतं, ते गावातच राहू द्यावं. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही आठवडी बाजारात साबण, मेणबत्ती, दोरी, बिस्किटं मिळतात. ती कोणीतरी आधीच तिथवर वाहून नेली आहेत. आपण पुन्हा हमाली कशाला करायची? उलट जे तिथे मिळत नाही आणि ज्याच्यावाचून सायकल किंवा माणूस आडवा होतो, ते घ्यायचंच. आपली रोजची औषधं, आपल्या नंबरचा चष्मा, आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब, साखळीची एक जोडकडी.

आणि एक पितळी टोपण. काही नव्या सायकलींच्या ट्यूबचं तोंड बारीक असतं. टोकावरची इवली चकती सैल केल्याशिवाय ते उघडत नाही. खेड्यातला दुकानदार पंपाची नळी हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसतो. "भाऊ, हे कोन्तं तोंड व्हय? आपल्या नळीले बसत नाही नं!" हे टोपण त्या तोंडावर फिरवलं की ते मोटारसायकलच्या तोंडासारखं होतं, आणि मग हमरस्त्यावरचा कोणताही पंक्चरवाला आपला सोयरा. वजन चार-पाच ग्रॅमसुद्धा नाही, किंमत चहा-पोह्यांएवढी.

आमच्याकडे पंक्चर ही 'कधी'ची गोष्ट नाही. धुऱ्यावर बाभळी, रस्त्याच्या कडेला सराटे. ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही. टायरमध्ये मोडून बसलेलं टोक काढलं नाही, तर फर्लांगभरात पुन्हा फुस्स. त्यासाठी चिमटा हवा. पूर्वी जत्रेत एका कडीत अडकवलेलं चिमटा, दातकोरणं आणि कानकोरणं मिळायचं. दहा हत्यारांचा इंग्रजी नावाचा जो जुडगा आज महागात मिळतो, त्याचे हे आजोबाच. नव्या जुडग्यात साखळीचं हत्यार असतं, पेच आवळायच्या षटकोनी काड्या असतात, त्या जरूर असाव्यात. पण पुष्कळदा चिमटाच नसतो. तो आजोबांकडून घ्यावा.

टायरच फाटलं तर अमेरिकेतले सायकलवाले आतून डॉलरची नोट घडी करून लावतात म्हणे. आपल्या नोटेचा कागद तर शुद्ध कापसाचा आणि आपला जिल्हाही कापसाचा, तेव्हा मोह होतो. पण तीच नोट उद्या कोणीतरी आमच्याच काउंटरवर सरकवणार, म्हणून सांगतो, जुन्या टायरचा दोन इंचांचा तुकडा ठेवा. सायकलवाले त्याला गेटर म्हणतात. नोटेहून टिकतो, आणि तो बदलून घ्यायला रांग लागत नाही.

कपड्यांत तीन टॉवेलांऐवजी एक दुपट्टा. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा विदर्भातला माणूस दुपट्ट्यात डोकं गुंडाळूनच बाहेर पडतो. तोच टॉवेल, तीच झोळी, तोच हात मोडल्यावर गळ्यात अडकवायला. वजनात काटकसर करायची नाही ती फक्त पाण्याची. लिटरमागे एक किलो भरतं, भरू द्या. सोबत जलसंजीवनीच्या दोन पुड्या.

आणि मागे लाल लुकलुकता दिवा. कापसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर गच्च भरलेल्या गाड्या असतात. हाकणाऱ्याला बोंडांच्या डोंगरापलीकडचं फारसं दिसत नाही. सूर्य बुडायच्या आत मुक्काम गाठावा हे उत्तम. पण आपण ठरवलेल्या वेळेला सूर्य बांधील नसतो. अंगठ्याएवढा हा दिवा नसला, तर बाकीचं सामान कोणीतरी दुसराच घरी आणून देतो. भीतीच्या खात्यावरची ही एकच वस्तू आम्ही गरजेच्या खात्यावर वळती केली.

शेजारच्या वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे उठले आणि डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' घेऊन निघाले. बाबांची सत्तरी उलटलेली, पाठीने दगा दिलेला; सोबत शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर. माणसं जोडायला निघालेल्यांनी घडीची खुर्ची नेली असती, तर बसा म्हणायला कोण पुढे आलं असतं? ज्याच्याजवळ सगळं असतं, त्याला वाटेत कोणाशी बोलायचं कारणच उरत नाही. पाना मागितला की चहा येतो, पाणी मागितलं की गाव कळतं. म्हणून पिशवीत थोडी उणीव मुद्दाम ठेवावी. तिला वजन नसतं.

एक वस्तू मात्र आमच्या कोणत्याच रकान्यात बसली नाही. आमच्या सासूबाईंनी चपट्या थैलीत सुंठ आणि ओव्याची एक पुरचुंडी कोंबली होती. मेहुणे ती काढायला निघाले, पण आम्ही त्यांचा हात धरला. पन्नास ग्रॅम वाचतील, पण परत आल्यावर "ओवा खाल्लास का?" ही चौकशी होणार. त्या ऑडिटला आमचा बी.कॉम. पुरा पडत नाही.