न लावलेला हात

बाईंनी माझ्या कामाला कधीही हात लावला नाही. माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे, ते मुख्यतः या एका गोष्टीचं. लोकरीचे थर कसे टाकायचे, साबणाचं पाणी किती कोमट हवं, न शिवता पोकळ भांडं कसं उभं राहतं, हे सगळं त्यांनी शिकवलंच. पण समोरच्याचं काम अडलेलं दिसत असताना, ते दोन मिनिटांत सोडवता येईल असे तयार हात असताना, ते हात मांडीवर ठेवून बसून राहणं मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेलं नाही.

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रिया परगण्यात केंडल नावाचं गाव आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड तिथं होतं. करड्या दगडाची घरं, कंटाळा येईपर्यंत पडणारा पाऊस, आणि जिकडे पाहावं तिकडे डोंगराच्या उतारावर मेंढ्या. गावाचं लॅटिन ब्रीदवाक्यच असं की कापड ही माझी भाकरी; मध्ययुगापासून हे गाव लोकरीच्या कापडावर जगलं. मी सांगोल्याकडची, त्यामुळे मेंढरांचं मला अप्रूप नव्हतं. चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं ते धनगर दिसत नाही म्हणून. तिथं दगडी कुंपणाच्या आत मेंढरं आपली आपण चरत असतात, मागे काठी नाही की खांद्यावर घोंगडं नाही.

बाई आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहायच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांना नावानं हाक मारावी हा त्यांचा आग्रह होता आणि मी तशी मारतही असे. पण मनात त्या बाईच राहिल्या, आणि इथंही मी तेच म्हणणार आहे.

ही विद्या त्यांच्याकडे आली ती गावातूनच. पुढे केंडलच्या ॲबट हॉल कलादालनाच्या संचालक झालेल्या मेरी बर्केट १९६२ मध्ये तुर्कस्तान आणि इराण फिरून आल्या होत्या. तिकडचे मेंढपाळ, विणकाम न करता, नुसती लोकर भिजवून, दाबून, लाटून जे जाडजूड कापड, म्हणजे फेल्ट, करतात त्याचा त्यांना ध्यासच लागला. १९७९ मध्ये त्यांनी ‘द आर्ट ऑफ द फेल्टमेकर’ हे प्रदर्शन केलं, त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातून कितीतरी लोकांना आपल्या हातांनी हे करून पाहावंसं वाटलं, आणि १९८४ मध्ये फेल्ट करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाच ब्रिटनमध्ये उभी राहिली. बाई त्या प्रदर्शनाला गेल्या तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. बर्केटबाईंनी इराणातून आणलं ते माझ्यापर्यंत स्वयंपाकघराच्या टेबलावरून आलं, हे त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या.

लोकर आटते हे आपल्याला ठाऊक असतं ते आटलेल्या स्वेटरमुळे. तोच अपघात मुद्दाम आणि मापानं घडवायचा, एवढंच या कलेचं मूळ. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. कोमट पाणी आणि साबण लागला की ते उचलले जातात, आणि चोळलं की तंतू मुळाच्या दिशेनं सरकतो. उलट सरकायला गेला तर खवले अडतात. असे हजारो तंतू एकमेकांत शिरत जातात आणि मग ते वेगळे करणं कोणाच्या बापाला शक्य नाही. विणलेलं उसवता येतं, शिवलेलं उसवता येतं, हे उसवता येत नाही.

पोकळ वस्तूसाठी मधे एक आडपडदा लागतो. त्याला रेझिस्ट म्हणतात. लाकडी फरशीखाली घालतात तो पातळ फोम बाई वापरायच्या. भांड्याचा सपाट आकार त्यातून कापायचा. पेळूतून चिमटीनं लोकर ओढायची, इतकी पातळ की खालचं टेबल दिसावं, आणि कौलांसारखी एकावर एक चढवत आकारभर पसरायची. पहिला थर आडवा, दुसरा उभा. कडेपलीकडे बोटभर लोकर लोंबती ठेवायची. वर जाळीचं कापड, त्यावर साबणाचं पाणी, मग तळहातानं नुसतं दाबायचं, चोळायचं नाही. पाणी सगळीकडे पोचलं की आकार उलटा करायचा, लोंबती कड या बाजूला दुमडून घ्यायची आणि दुसरी बाजू भरायची. अशा रीतीनं रेझिस्ट लोकरीत पूर्ण गाडला जातो. त्यानंतर चोळणं, आधी हलक्या हातानं, मग जोरानं. चिमटीत धरून ओढलं की सुटा तंतू हाताला येत नाही, कातडीच उचलल्यासारखी वर येते, तेव्हा तोंड कापून रेझिस्ट बाहेर काढायचा. कापलेली कड साबणाच्या बोटानं लगेच चोळून बुजवायची. पुढे लाटणं, मळणं, आपटणं, आत मूठ घालून पोट फुगवणं. शेवटी साबणाचा क्षार मारण्यासाठी किंचित व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढायचं आणि हवा तसा आकार देऊन वाळवायचं.

हे वाचायला सरळ आहे. हातांना मात्र एक अवघड गोष्ट पचवावी लागते. कुंभाराच्या चाकावर आकार डोळ्यांसमोर वाढतो. इथं तो आटत आटत येतो. म्हणजे जे हवं आहे त्याहून बरंच मोठं काहीतरी आधी रचायचं आणि ते किती मोठं, हे आधी ठरवायचं. बाई त्यासाठी नमुना करायला लावत. वीस सेंटीमीटरचा चौकोन, त्याच लोकरीचा, तितक्याच थरांचा. तो आटून चौदाचा झाला तर वीस भागिले चौदा, म्हणजे १.४३. पंधरा सेंटीमीटर रुंद भांडं हवं असेल तर रेझिस्ट साडेएकवीसचा कापायचा. प्रत्येक रेझिस्टवर त्या पेनानं लिहीत: कोणती लोकर, किती ग्रॅम, किती थर, आकडा काय आला. नमुना टाळून पुढे गेलेलं त्यांना खपत नसे. हे मी त्यांच्या कडकपणाचं नव्हे, आदराचं लक्षण मानते. प्रत्येक मेंढीची लोकर वेगळी वागते, तिला आधी विचारलं पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

आता हात न लावण्याविषयी. मी एकदा सरळच विचारलं. भांड्याच्या खांद्याशी घडी पडत होती आणि मला ती सुटेना. म्हटलं, तुम्ही एकदा करून दाखवा ना. बाई आपली वेगळी लोकर घेऊन बसल्या, वेगळा तुकडा ओला केला, त्यावर तशीच घडी पाडली आणि ती मोडून दाखवली. माझं भांडं माझ्यासमोर तसंच.

त्या म्हणाल्या, “लोकर ज्या दिशेनं चोळशील त्या दिशेनं आटते. तुझा जोर वेगळा, माझा वेगळा. माझा हात लागला तर ती जागा माझ्या जोरानं आटेल. उद्या तू भांडं पाहशील आणि तुझं काय नि माझं काय ते तुला कळणार नाही. मग तू शिकणार कशावरून?”

मी वाद घातला. किरगिझ बायका फेल्टची सतरंजी लाटतात तेव्हा ओळीनं बसतात आणि कोपरापासून हात टेकवून सगळ्या मिळून लाटतात, याचे फोटो मी त्यांच्याच घरातल्या पुस्तकांत पाहिले होते. त्यांच्या आला-कियिझ आणि शिर्दाक या सतरंज्यांची कला युनेस्कोनं २०१२ मध्ये तातडीनं जपायच्या यादीत घेतली आहे. मग तिथं इतके हात कसे चालतात? बाईंना प्रश्न आवडला. म्हणाल्या, त्या बायका लहानपणापासून शेजारी बसून एका ठेक्यात लाटत आलेल्या असतात. त्यांचा जोर एक झालेला असतो. आपण दोघी अजून तिथं नाही. यातला ‘अजून’ मला फार मोलाचा वाटला, आजही वाटतो.

पुढे एक भांडं खरंच चांगलं जमलं. मरीनो लोकरीचं, गोल पोटाचं, लहान तोंडाचं. बाईंनी ते पाहिलं, चहूबाजूंनी फिरवायला लावलं आणि कात्री माझ्या हातात देऊन म्हणाल्या, वरपासून खालपर्यंत काप. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आपल्या फडताळातून स्वतःचं एक कापलेलं भांडं काढून पुढ्यात ठेवलं. मी कापलं. आत भिंत दिसली: पोटाशी एकसारखी, आणि कडेनं, जिथं दोन्ही बाजूंची लोंबती लोकर एकमेकांवर चढली होती तिथं जवळजवळ दुप्पट जाड. बाहेरून ते कधीच कळलं नसतं. लोंबती कड दुमडताना ती बोटांनी विरळ करून पिसासारखी निमुळती करायची असते, हे त्या आधी सांगत होत्याच. ते मला पटलं त्या कापातून. कोणीही आपलं पहिलं चांगलं काम कापायला सांगणार नाही, आणि सांगितलं तर बहुतेक जण कापणार नाहीत. बाईंवर माझा इतका विश्वास बसला होता हीसुद्धा त्यांचीच कमाई.

सुट्टीत घरी आले तेव्हा आजोबांचं जुनं घोंगडं बाईंसाठी घेऊन गेले. आमच्याकडची दख्खनी मेंढी. लोकर खरखरीत, काळी. सणगर विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवं घोंगडं अंगावर ताठ उभं राहतं. बाईंनी ते टेबलभर पसरलं आणि डोळे मिटून बोटं फिरवली. एका पट्ट्यावर थांबल्या. तिथं वीण चाचपडूनही सापडत नव्हती. खांद्यावर टाकायची जागा ती. आजोबांचा घाम, पाऊस आणि वर्षानुवर्षांचं घासणं यांमुळे तेवढी पट्टी आटून फेल्ट झाली होती. आजोबा रानात जाता-येता हे करत होते हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं. ते मला केंडलच्या एका म्हाताऱ्या बाईनं दाखवलं.

त्या दिवशी बाई बराच वेळ हर्डविकबद्दल बोलल्या. ती तिथल्या डोंगरांवरची मेंढी. कोकरू काळं जन्मतं आणि वयाबरोबर करडं होत जातं. लोकर राठ, केसाळ. कातरायची मजुरी सुटेल इतकाही भाव अनेकदा येत नाही, म्हणून शेतकरी ती जाळून टाकतात. लेखिका बिआट्रिक्स पॉटर स्वतः या मेंढ्या पाळायची आणि १९४३ मध्ये वारली तेव्हा आपली शेतं नॅशनल ट्रस्टला देऊन गेली. २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत सगळ्यात जास्त झळ कंब्रियाला बसली. त्यानंतर पुढचे काही महिने रिकामे डोंगर पाहवत नव्हते, असं बाई सांगायच्या. आमच्याकडेही दख्खनी लोकर उकिरड्यावर जाते, हे मी त्यांना सांगितलं. मग आम्ही ठरवून मरीनोचा पातळ थर आत आणि हर्डविक बाहेर असं करून पाहिलं. राठ लोकर एकटी लवकर गुंतत नाही. मऊ लोकरीचे तंतू तिच्यातून आरपार जाऊन तिला धरून ठेवतात. घोंगड्याच्या सुटलेल्या काठाचं सूत मी त्यावर आडवं टाकलं. तेही धरलं गेलं. ती वस्तू चार बाजूंनी ओबडधोबड आहे आणि मला माझ्या सगळ्या कामात तीच सर्वांत प्रिय आहे.

बाई आता नाहीत. त्यांचे रेझिस्ट त्यांच्या मुलीनं मला दिले, सगळ्यांवर आकडे लिहिलेले. त्यांतला एक अर्धवट कापलेला आहे: हंसाचा. सैबेरियात अल्ताई डोंगरात पाझिरिक इथं, रुदेन्को या पुरातत्त्वज्ञानं १९४९ मध्ये पाचवं थडगं उकरलं, तेव्हा बर्फात राहिलेले फेल्टचे हंस सापडले. सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. ते हंस तुकडे शिवून, आत भरण घालून केलेले आहेत. तसा हंस बिनशिवणीचा, एका रेझिस्टवर होईल का, हा बाईंचा विचार होता.

सध्या मी त्यावर काम करते आहे. धड जमतं. अडचण मानेची आहे. मान अरुंद, त्यामुळे दोन्ही कडांची लोकर जवळजवळ येते, नळी दुप्पट जाड होते आणि वळत नाही. तिथं थर निम्मे करून पाहायला हवेत, आणि आडवे कमी, उभे जास्त, म्हणजे लांबीत आटेल आणि वाक घेईल. धडाचा १.४३ हा आकडा मानेला लागू पडेल असं वाटत नाही. मानेपुरता वेगळा नमुना भिजवायला घेतला आहे.